डावीकडे म्हणजे उजवीकडे

नानांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो त्यांच्याच जुन्या कॅमेऱ्यावर काढायचे, ही कल्पना माझी. घरात माणशी एक मोबाइल असताना असलं काही सुचायला थोडं वाचन लागतं. मी नुकतंच होमाई व्यारावालांबद्दल वाचलं होतं. रोलीफ्लेक्स घेऊन, साडी सावरत या बाईंनी नेहरूंपासून माउंटबॅटनपर्यंत सगळ्यांना टिपलं. रोलीफ्लेक्स जर्मन, नानांचा याशिका-मॅट 124 जी जपानी. पण जातकुळी एकच. पुढे एकावर एक दोन भिंगं. वरच्यातून आपण बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. बाईंना जमलं ते मला न जमायला काय झालं? मी तर सायन्सवाला.

नानांनी कॅमेरा काढून दिला आणि शिकवायला बसले. मी "हो हो, माहितीये" म्हणत होतो. जावयाने सासऱ्याकडून शिकायचं नसतं, असा काहीतरी माझा समज होता.

रोल भरण्यापासून सुरुवात झाली. 120 चा रोल. कोडॅकने 1901 साली आणलेला, पाठीला कागद असलेला, या कॅमेऱ्यात चौकोनी बारा फोटो देणारा. कागदावरचा बाण आतल्या खुणेसमोर आणायचा, मग पाठ बंद करायची, मग उजवीकडचा दांडा अडेपर्यंत पुढे फिरवायचा आणि उलट फिरवून जागेवर आणायचा. मी आधी पाठ बंद केली आणि मग बाण शोधायला ती पुन्हा उघडली. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून दुसरा रोल काढला. म्हणजे माणसाने आधीच दोन आणून ठेवले होते.

दोन भिंगांच्या मधे दोन्ही बाजूंना बोटाच्या पेरात मावतील अशी दोन चाकं आहेत. एकाने छिद्र लहानमोठं होतं, दुसऱ्याने शटरचा वेग बदलतो, आणि दोन्हींचे आकडे वरच्या भिंगाच्या डोक्यावरच्या छोट्या खिडकीत दिसतात. आकडा वाढला की छिद्र लहान होतं. साडेतीनला सताड उघडं, बत्तीसला जेमतेम सुईचं टोक. हे मला समजलं होतं. फक्त बोटांना समजलं नव्हतं.

लाइट मीटरही आहे. टोपण उघडलं की सुई जागी होते. त्याला पूर्वी पाऱ्याचा 1.35 व्होल्टचा सेल लागायचा. तो आता मिळत नाही, म्हणून मी तशाच आकाराचा दीड व्होल्टचा आणून बसवला. नाना म्हणाले, "जावईबापू, सुई जास्त उजेड दाखवेल." मी म्हटलं, "दाखवू दे की, चांगलंच आहे."

खरी गंमत कार्याच्या दिवशी झाली. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरून, मान खाली घालून, वरच्या काचेत बघायचं. मी मान खाली घालून उभा राहिलो तर बायकोच्या आत्याने माझ्या डोक्यावर हात ठेवून "औक्षवंत हो" म्हटलं. पुन्हा मान घातली, तर तिने पुन्हा आशीर्वाद दिला.

त्यात काचेवरचं चित्र सुलटं, पण डावं-उजवं बदललेलं. मामा डाव्या कडेला अर्धे कापले जात होते, म्हणून मी कॅमेरा डावीकडे वळवला. मामा अख्खे गेले.

"मामा, कुठे गेलात?"

"मी इथेच बसलोय, तूच चाललायस."

मग मी लोकांना हलवायला घेतलं. "काकू, जरा डावीकडे... नाही, तुमच्या डावीकडे... म्हणजे माझ्या..." काकू शेवटी जेवणाच्या हॉलमध्ये गेल्या आणि परतल्याच नाहीत. फोटो काढला तरी कुणाला पत्ता नाही, कारण याच्या शटरचा आवाज फक्त 'चुक' असा, तोही लाजत. माणसं हसू धरून बसलेली. "काढ ना रे बाबा!" "काढला!" "मग सांगायचं नाही का?"

औक्षणाच्या वेळी दिव्यांच्या उजेडात मीटरची सुई भलतीच खुशीत होती. मी तिचं ऐकलं.

शेवटचा फोटो अंगणात, सगळ्यांचा एकत्र. आता मात्र नाना पाटावरून उठले. मीटरकडे ढुंकूनही न बघता चाकं फिरवली. "ऊन आहे, रोल शंभरचा आहे. सोळा आणि एकशेपंचवीस." कॅमेरा स्टुलावर ठेवला. फ्लॅशची कळ एमवर होती, ती एक्सवर आणली. एमवर ठेवून टायमर ओढला की शटर अडकतं म्हणे. "या तुम्ही पण," म्हणून ते जाऊन बसले. काचेत डाव्या कडेला माझ्यापुरती जागा दिसत होती. मी टायमर ओढला आणि धावत डावीकडे जाऊन, छाती काढून उभा राहिलो.

निगेटिव्ह आल्या तेव्हा नानांनी पट्टी खिडकीशी धरली. औक्षणाचे सगळे फोटो काचेसारखे पारदर्शक, म्हणजे छापले की अमावास्या, सहस्रचंद्रदर्शनाला. मामांचा एक कान आला होता.

"शेवटचा मात्र झकास," नाना म्हणाले. "चेहरा न् चेहरा स्पष्ट."

मी वाकून बघितलं. उजवीकडे एका माणसाची जागा मोकळी होती. "नाना, यात मी कुठाय?"

"नाही ना," नाना म्हणाले, "फोटोला चांगली मोठी फ्रेम करून आणा."