अटक झाली होती का? होय / नाही

सरकारी नोकरी लागली की नेमणुकीआधी साक्षांकन नमुना भरावा लागतो. नाव, गाव, शिक्षण झालं की प्रश्न येतो: तुम्हाला कधी अटक झाली होती का? तुमच्यावर खटला भरला गेला होता का? स्थानबद्ध केलं होतं का? जे लागू नसेल ते खोडा. नर्सिंगच्या जीएनएम कोर्सची तीन वर्षं काढलेली, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात असलेली पारनेर तालुक्यातली एखादी पोरगी इथे येऊन थांबते. तिनं काय केलंय, हे तो नमुना विचारतच नाही. पोलिसांनी तिला काय केलं, एवढंच विचारतो. माझा आक्षेप याच प्रश्नाला आहे.

पारनेरमधल्या सुप्याच्या पंचक्रोशीत पोरीचं नाव पोलिसांच्या दप्तरी कसं जातं, ते मुंबईत बसून नमुने छापणाऱ्यांना ठाऊक नसावं. बांध कोरला जातो, पाइपलाइन फुटते, सामायिक विहिरीच्या पाळीवरून बाचाबाची होते. मग दोन्ही घरं ठाण्यात जातात. फिर्याद देताना समोरच्या घरातला एकही जण सुटू द्यायचा नाही, अशी रीतच पडली आहे. आजोबा, चुलते, चुलत्या आणि नगरला नर्सिंगला असलेली पोरगी, सगळे आरोपी. पोरीचं नाव तर आवर्जून घालतात, कारण तिच्या नोकरीच्या आणि लग्नाच्या धास्तीनं समोरचा लवकर तडजोडीला येतो. पूर्वी दंड संहितेची कलमं ठरलेली असायची, ३२३, ५०४, ५०६. आता न्याय संहितेत आकडे बदलून ११५, ३५२, ३५१ झाले. एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, भागलं तर नशीब. सोबत शांतता राखण्याच्या हमीची चॅप्टर केसही लागते. चार वर्षांनी दोन्ही घरं एका लग्नात शेजारी जेवायला बसतात, खटला मिटतो, आणि पोरीच्या नावापुढची नोंद तेवढी राहते.

दुसरी वाट आंदोलनाची. दुधाला भाव नाही, कांद्याला भाव नाही, म्हणून रस्त्यावर बसलं की पोलीस गाडीत घालतात. मुंबई पोलीस अधिनियमाच्या, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ६८व्या कलमाखाली ताब्यात घेतात आणि ६९खाली सोडतात. कधी जमावबंदी मोडल्याचा गुन्हाही लागतो. आता तिनं ‘होय’ लिहायचं की ‘नाही’? सेनापती बापट याच पारनेरचे. मुळशीच्या धरणग्रस्तांसाठी त्यांनी तुरुंग भोगला. सुप्यापासून जवळच राळेगणसिद्धी आहे. १६ ऑगस्ट २०११ रोजी अण्णा हजारेंना दिल्लीत अटक करून तिहारला नेलं तेव्हा या तालुक्यानं ती अटक अभिमानानं सांगितली. पुढाऱ्याची अटक त्याच्या परिचयपत्रात मानानं छापली जाते आणि सिस्टरची अटक तिची नेमणूक अडवते. हा भेद मला मान्य नाही.

आता जिल्ह्याच्याच एका जखमेबद्दल बोलतो. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोरोनाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. अकरा रुग्ण दगावले. त्या घरांचं दुःख कुठल्याही युक्तिवादानं हलकं होणार नाही आणि दोषी शोधलेच पाहिजेत, यात वाद नाही. तीन दिवसांनी पोलिसांनी चार जणांना अटक केली. एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका, चौघीही बायका. जिल्हा शल्यचिकित्सकांचं निलंबन झालं, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पण आधी बेडी पडली ती वॉर्डात ड्युटीवर असणाऱ्यांना. विभागाचं वायरिंग कुणी मंजूर केलं? अग्निसुरक्षेच्या यंत्रणेचा निधी कुणी द्यायचा होता? यातल्या एकाही कागदावर सिस्टरची सही लागत नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत भंडाऱ्याच्या शिशू कक्षात आगीनं दहा बाळं गेली. तिथेही पुढच्याच महिन्यात दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदवला गेला. नऊ-दहा महिन्यांच्या अंतरानं दोन जिल्हे, आणि पोलिसांचा हात दोन्हीकडे खालच्याच पायरीवर. या परिचारिकांची चूक होती की नव्हती, ते न्यायालय ठरवील. पण निकाल काहीही लागो, ‘अटक झाली होती का’ या प्रश्नाचं उत्तर नगरच्या त्या तिघींसाठी त्या नोव्हेंबरातच ठरून गेलं.

डॉक्टरांसाठी सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगून ठेवलं आहे की, हलगर्जीचा आरोप झाला म्हणून डॉक्टरला सरसकट अटक करू नका, तपासाला गरज असेल तरच करा. नगरच्या डॉक्टरबाईंना त्याचाही उपयोग झाला नाही, पण निदान तो आधार कागदावर आहे. परिचारिकेबद्दल त्या निकालात इतकं स्पष्ट सांगितलेलं नाही. उलट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनं तिची बाजू आणखी लंगडी केली. कलम १०६ पाहा. हयगयीनं मृत्यू घडवला तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत. हेच वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून घडलं तर दोन वर्षांपर्यंत. आणि असा व्यावसायिक कोण? राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्याखाली ज्याची पात्रता मान्य आहे आणि वैद्यकीय नोंदवहीत ज्याचं नाव आहे तो, म्हणजे डॉक्टर. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीतली सिस्टर त्यात बसत नाही. एकच खाट, एकच रुग्ण, एकच सलाइन. डॉक्टरला दोन वर्षं आणि सिस्टरला पाच. पूर्वीच्या ३०४-अ कलमात दोघांनाही दोनच होती. हे विधेयक संसदेत आलं तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेनं आपलं म्हणणं गृहमंत्र्यांच्या कानावर घातलं आणि सवलत मिळवली. परिचारिकांसाठी कोण बोललं? महाराष्ट्रातल्या खासदारांनी याचं उत्तर द्यावं.

रुग्णाची बाजू मी विसरलेलो नाही. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, शुद्ध हरपलेला माणूस, तान्हं बाळ यांच्याजवळ रात्रभर कोण बसणार, हे तपासायलाच हवं. औषधं चोरणारी, रुग्णावर हात उचलणारी, गर्भलिंगनिदानाच्या टोळीला गिऱ्हाइकं पुरवणारी व्यक्ती वॉर्डात नकोच. पण त्यासाठी गुन्हा कसला, निकाल काय, त्याला किती काळ लोटला आणि रुग्णसेवेशी त्याचा काय संबंध, हे विचारावं लागतं. नुसत्या अटकेच्या चाळणीतून बांधावरची पोरगी अडकते आणि पैशाच्या जोरावर अटक टाळलेला गुन्हेगार सहज निसटतो.

सर्वोच्च न्यायालयानं हे ओळखलं आहे. २०११ साली दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या एका तरुणाचं प्रकरण न्यायमूर्ती मार्कंडेय काटजूंच्या खंडपीठापुढे आलं. मारामारीचा जुना खटला, तोही तडजोडीनं मिटलेला, त्यानं अर्जात लपवला होता. कोवळ्या वयातल्या चुकीचा शिक्का जन्मभर मारू नका, असं सांगताना निकालात व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतला पाव चोरणारा जाँ व्हालजाँ आला. २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी याची चौकट आखून दिली. उमेदवारानं खरी माहिती द्यावी. क्षुल्लक गुन्हा असेल तर त्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभा नेमणूक करणाऱ्याला आहे. निर्दोष सुटका कशी झाली, हेही पाहावं. खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असं मात्र नाही. अखेरचा शब्द कार्यालयाचाच राहतो, आणि नेमका तिथे धीर कमी पडतो. निकाल वाचून स्वतःच्या जबाबदारीवर शेरा लिहिण्यापेक्षा ‘अपात्र’ लिहिणं साहेबाला सोपं वाटतं.

परदेशाची वाट तर त्याहून अरुंद. महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. पण फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट अडतो, न्यायालयाची परवानगी आणावी लागते. बांधाचा खटला पारनेरच्या कोर्टात तारखा खात पडलेला असतो आणि पोरीची भाषा-परीक्षा होऊन गेलेली असते.

नमुन्यातून अटकेचा रकाना काढा, दोषसिद्धी आणि न्यायालयानं निश्चित केलेले आरोप तेवढे विचारा. कलम १०६च्या स्पष्टीकरणात नोंदणीकृत परिचारिकेला घ्या. पहिल्याला एक शासन निर्णय पुरतो, दुसऱ्याला संसदेत एक दुरुस्ती.

तोवर ज्या पोरीपुढे तो नमुना आज उघडा आहे तिनं ‘होय’ लिहावं. लपवलेली गोष्ट पोलीस पडताळणीत निघाली तर जुन्या भांडणापेक्षा ते लपवणंच नोकरी घालवतं. गुन्हा नंबर, कलम, ठाणं आणि निकालाची तारीख लिहायची. न्यायालयातून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढून सोबत जोडायची. खटला अजून चालू असेल आणि दोन्ही घरांत समेट झाला असेल तर वकिलाला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज टाकायला सांगायचं. आणि एवढं करूनही नेमणूक नाकारली तर कारण लेखी मागायचं, तोंडी ऐकून घरी परतायचं नाही.