नावं ठेवणारे नाना

इंटरनेट पुरवणाऱ्या प्रत्येक कंपनीत एक नाना असतात. मुंबईत त्यांच्या दारावर 'नेटवर्क आर्किटेक्ट' अशी पाटी असेल, बंगळुरात त्याहून लांबलचक काहीतरी असेल. आमच्या नाशकात नाना म्हणजे नानाच. पन्नाशी ओलांडलेली, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला एक पेन, एक मार्कर आणि कमरेच्या पाऊचमध्ये लेबल छापायचं छोटं मशिन. बाकीचे इंजिनिअर रॅकसमोर उभे राहिले की आधी दिवे बघतात, हिरवा आहे का लाल. नाना दिव्यांकडे सावकाश वळतात. आधी विचारतात, "नाव काय याचं?"

नाव नसेल तर पुढचं काम होत नाही. राउटर बंद असो, अर्धं सिडको बोंबलत असो, नाना लेबल छापतात, चिकटवतात, वरून सेलोटेप मारतात आणि मग म्हणतात, "हां, आता बोल. काय झालंय याला?" मी त्या ऑफिसात बिलांच्या टेबलावर होतो. चहापेक्षा लेबलच्या रोलचं बिल जास्त का येतं, हे मालकांना समजावण्याचं काम माझ्याकडे होतं.

नानांचे नियम ठरलेले. पहिला नियम : कशालाही 'न्यू' म्हणायचं नाही. "आज नवीन आहे रे, पुढच्या वर्षी काय म्हणशील?" हा प्रश्न त्यांनी उगाच काढलेला नव्हता. ते येण्याआधी आमच्याकडे 'राउटर-न्यू', 'राउटर-न्यू-न्यू' आणि 'राउटर-न्यू-फायनल' असे तिघे भाऊ नांदत होते आणि त्यांत सर्वांत जुना होता तो 'फायनल'. दुसरा नियम : 'टेस्ट' आणि 'टेम्प' ही नावं पाप आहेत. कुणीतरी तात्पुरता म्हणून लावलेला 'टेस्ट' नावाचा एक डब्बा कित्येक वर्षं अख्ख्या नाशिक रोडचा भार वाहत होता. एका हुशार पोरानं साफसफाईच्या उत्साहात तो बंद केला, तेव्हा जेल रोडपासून देवळालीपर्यंत सगळ्यांना तो टेस्ट नव्हता हे कळलं. तिसरा नियम : एकच असला तरी मागं '०१' लावायचा. "दुसरा आज ना उद्या लागतोच." आणि या सगळ्यांचा बाप असलेला नियम ते दिवसातून एकदा तरी ऐकवतात : "नाव असं पाहिजे, की रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या माणसाला गाडी कुठं न्यायची ते कळलं पाहिजे."

हे शहाणपण नानांना अनुभवातून आलं. तरुणपणी ते पक्के रसिक होते. ट्रेकिंगचं वेड, त्यात नाशिक जिल्हा म्हणजे किल्ल्यांचं आगर. त्यांनी सगळ्या राउटरांना किल्ल्यांची नावं दिली. सर्वांत मोठा तो साल्हेर, कारण राज्यातला सर्वांत उंच किल्ला तोच. एकमेकांना राखीव म्हणून लावलेली जोडी ती अंकाई-टंकाई, मनमाडजवळच्या जुळ्या किल्ल्यांवरून. त्र्यंबकला एका इमारतीच्या गच्चीवर लोखंडी शिडीनं जीव मुठीत धरून चढावं लागायचं, तिथला हरिहर. मधला एक स्लॉट कायम रिकामा असलेला तो धोडप. धोडपच्या कातळातली ती खाच ज्यानं लांबून पाहिली आहे, त्याला दुसरं नाव सुचणारच नाही. आणि कधीही न पडणारा तो रामशेज. औरंगजेबाच्या फौजांनी १६८२ पासून वर्षानुवर्षं धडका मारल्या, तरी हाती न लागलेला नाशिकजवळचा तो एवढासा किल्ला. शेवटी तो गेला म्हणतात तो लाच चारल्यामुळं. नाना त्यातून धडा काढायचे : "किल्ला बाहेरून पडत नाही, आतून पडतो. पासवर्ड बदला."

मग हातगडचं प्रकरण झालं. विदर्भातून आलेला एक नवा टेक्निशियन, कामाला वाघ. रात्री फोन आला, 'हातगड बंद आहे, लगेच जा.' पोरगं भर पावसात बाइक काढून निघालं. पहाटे त्याचा फोन, "नाना, मी पोचलो. किल्ला दिसतोय, धुकं पण लय आहे, पण आपला डब्बा कुठं बसवलाय?" तो सापुताऱ्याच्या वाटेवरच्या खऱ्या हातगडाच्या पायथ्याशी उभा होता. राउटर होता सातपूर एमआयडीसीत, त्याच्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर.

त्या दिवसापासून नाना कोडवादी झाले. नावात गाव, भाग, काम आणि नंबर. पण गावाला कोड कोणता? यावर ऑफिसात जे महाभारत झालं, त्याचं बिल चहाच्या खात्यात आहे. एकाचं म्हणणं रेल्वेचा घ्या, 'एनके', तिकिटावर सगळ्यांनी वाचलेला. नाना म्हणाले, "तो नाशिक रोडचा. पंचवटीतला माणूस ऐकून घेणार नाही." दुसऱ्यानं गाड्यांचा 'एमएच १५' सुचवला. तिसऱ्यानं ०२५३. शेवटी जगभरच्या बड्या कंपन्यांची रीत म्हणून विमानतळाचा कोड पक्का झाला. ओझरच्या विमानतळाचा 'आयएसके'. मुंबई 'बीओएम', पुणे 'पीएनक्यू'. नानांचा युक्तिवाद बिनतोड होता : "बॉम्बेचं मुंबई झालं, पूनाचं पुणे झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. विमानतळांचे कोड आहेत तिथंच आहेत. आपल्याला बदलणारं नाव नकोय." पुढं एका परदेशी इंजिनिअरनं फोनवर विचारलं, की आइसलँडच्या चलनाचा कोड तुमच्या राउटरावर काय करतोय? आइसलँडच्या क्रोनाचाही कोड 'आयएसके'च आहे. नानांनी त्याला शांतपणे ओझर, एचएएल आणि द्राक्षं असं सगळं समजावून सांगितलं. बिचाऱ्याची लिंक तोवर बंदच होती.

संध्याकाळी काम संपलं की लोक टपरीवर जातात, नाना 'ट्रेसरूट' लावून बसतात. हा प्रोग्रॅम १९८० च्या दशकाच्या शेवटी व्हॅन जेकबसन या अमेरिकनानं लिहिला. युक्ती अशी, की इंटरनेटवर निघालेल्या प्रत्येक पाकिटाला मोजके श्वास दिलेले असतात आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातला एक काढून घेतो. श्वास संपला, की तिथला राउटर उलट निरोप धाडतो, "तुमचं पाकीट माझ्या दारात संपलं." पहिलं पाकीट एका श्वासाचं, पुढचं दोनाचं, त्यापुढचं तिनाचं, असं करत वाटेतल्या सगळ्यांचे पत्ते मिळतात आणि पत्त्यावरून नावं. नाना ती नावं मोठ्यानं वाचतात. "हा बघ, आता मुंबई सोडली. हा मार्सेलिस. हा लंडन." समुद्राखालून गेलेल्या केबलीवरून सातपूरच्या खुर्चीत बसून असा प्रवास करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

पण नावावर त्यांचा आंधळा विश्वास नाही. नाव कुणीही काहीही लिहू शकतो, जागा बदलली तरी जुनं राहू शकतं. म्हणून बोट नावावर आणि नजर वेळेवर. काचेच्या तारेतून उजेड मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. नाशिक-मुंबई जाऊन-येऊन दोन-तीन मिलिसेकंदांत व्हायला हवं. "नाव मुंबईचं आणि वेळ सव्वाशे? खोटं बोलतोय हा. लंडनला बसून मुंबई सांगतोय."

कंपन्यांच्या आडनावांचाही त्यांना नाद. देशात १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य माणसाला इंटरनेट दिलं ते विदेश संचार निगमनं. तिची २००८ मध्ये टाटा कम्युनिकेशन्स झाली, तरी कित्येक पत्त्यांच्या शेवटी 'व्हीएसएनएल' बरीच वर्षं झळकत राहिलं. तिच्याच आंतरराष्ट्रीय जाळ्यातल्या राउटरांचं आडनाव मात्र 'एएस ६४५३', नुसता नंबर. स्वीडनची टेलिया कॅरियर २०२२ मध्ये अरेलियन झाली. तिच्या राउटरांनीही आता १२९९ या आपल्या नंबरावरून 'ट्वेल्व्ह९९' असं आडनाव घेतलंय. नाना खूश होतात. "कंपनी विकली जाते, बोर्ड बदलतो, साहेब बदलतो. नंबर राहतो. ज्यानं हे ठरवलं ना, त्यानं रात्रपाळी केलेली आहे."

राउटरपर्यंत ठीक, पण दोन कंपन्यांमधली लिंक आली की नाना खरे पेटतात. कारण राउटर आपला असतो, लिंक दोघांची असते. आमच्याकडे तिचं नाव 'नाशिक-मुंबई', पलीकडे 'मुंबई-नाशिक', मधल्या फायबरवाल्याकडे तिसराच सर्किट नंबर. लिंक एक गेली आणि तक्रारी तीन नोंदल्या गेल्या, की तिन्हीकडचे लोक रात्रभर एकमेकांना "तुमची कोणती?" विचारत बसतात. त्यावर नानांचा उपाय म्हणजे लेबलवर तिन्ही नावं. लेबल एवढं लांब होतं, की केबलीला झेंड्यासारखं लटकतं.

त्यातही पत्त्यांची भानगड असते. दोन कंपन्यांच्या लिंकवर दोन्ही टोकांचे पत्ते एकाच कंपनीच्या साठ्यातले असतात, बहुधा मोठीच्या. म्हणजे आमच्या रॅकमध्ये, आमच्या विजेवर चालणाऱ्या, आमच्याच राउटराच्या त्या टोकाला नाव असतं मोठ्या कंपनीचं. बाहेरून कुणी वाट शोधत आमच्याकडे आला, की त्याला शेवटी तेच आडनाव दिसतं. तो मोठ्या कंपनीकडे तक्रार करतो. ते म्हणतात, डब्बा आमचा नाही. आम्ही म्हणतो, नाव आमचं नाही. नवी पोरं गोंधळतात. नाना म्हणतात, "घरजावई आहे तो आपला. राहतो आपल्याकडे, जेवतो आपल्याकडे, आडनाव त्यांच्याकडचं. दुखलं-खुपलं तर बघायचं आपणच."

एकदा मालकांनी राखीव म्हणून दुसऱ्या कंपनीची लिंक घेतली. दोन कंपन्या, दोन बिलं, सगळे निर्धास्त. मग घाटाच्या अलीकडे एका जेसीबीनं एक चर खणला आणि दोन्ही लिंक एकाच मिनिटाला गेल्या. दोन्ही कंपन्यांची तार एकाच चरातून चालली होती. तेव्हापासून नानांच्या नावांत वाटही आली : एक 'कसारा', एक 'सिन्नर-संगमनेर'. विकायला आलेल्या टायवाल्या पोराला ते दर, वेग काही विचारत नाहीत. नकाशा पुढं सरकवून म्हणतात, "बोट ठेवून दाखव." सिंहस्थाची कामं निघाली की रस्ते खणले जाणारच, आणि नाशिककराला ते नवीन नाही. २०१५ च्या सिंहस्थाआधीचे खड्डे नानांना तारखेवार पाठ आहेत.

असा माणूस घरी गेल्यावर थांबेल? फ्यूजच्या बोर्डावर लेबलं, टाकीच्या कॉकवर 'उजवीकडे = बंद', किल्ल्यांच्या जुडग्यावर मजला आणि दिशा. डाळींचे डबे '०१' पासून. वहिनींनी हे सगळं सोसलं, पण एका दिवाळीत पाहुण्यांसमोर चकलीचा डबा आला आणि त्यावर नानांच्या सुवाच्य छपाईत लिहिलेलं होतं, 'चकली – मागील वर्ष'. त्या रात्री मशिन कपाटात कुलूपबंद झालं. कपाटाच्या किल्लीवर लेबल होतं, त्यामुळं सकाळी लगेच सापडलं.

पुतणीच्या मुलीच्या बारशालाही नाना यादी घेऊन बसले. "स्पेलिंग दोन होतात का? वर्गात आणखी तीन निघतील का?" दोन नावं तर त्यांनी द्वारका चौकातल्या कोलाहलातून फोन करून वहिनींना ऐकू येतात का ते तपासली. शेवटी आत्यानं घाई करून बाळाच्या कानात 'कुर्र' केलं, तेव्हा नाना यादीच्या मध्यावर होते.

आणि एवढं सगळं कोडवादी झाल्यावरही गंमत अशी, की राउटराच्या सेटिंगमध्ये माहितीसाठी एक मोकळी ओळ असते, त्या ओळीत नानांनी जुनी नावं जपून ठेवली आहेत. कोड वरती, किल्ला खालती. रात्री लिंक गेली की कुणी 'आयएसके-एसटीपी-सीआर-०१' म्हणत नाही. फोनवर ओरडा येतो, "नाना, साल्हेर पडला!" आणि नाना तेव्हा नियम काढत नाहीत, चपला शोधतात. कोड अनोळखी माणसासाठी असतो, उद्या येणाऱ्या, आपल्याला कधी न भेटणाऱ्या त्या पोरासाठी. किल्ला आपल्यातल्यांसाठी. नानांना दोघांची काळजी आहे, म्हणून त्यांची लेबलं एवढी लांब.

यंदा नाना निवृत्त होताहेत. पोरांनी ठरवलं, नव्या मोठ्या राउटराला त्यांचंच नाव द्यायचं. नाना तडकले. "माणसाचं नाव डब्ब्याला द्यायचं नसतं, अक्कल आहे का? एखाद्या रात्री वीज जाईल आणि ग्रुपवर निरोप पडेल, 'नाना गेले'. सकाळी निम्मं गाव हार घेऊन माझ्या दारात."

पोरं हिरमुसली. नाना रॅकभोवती एक चक्कर मारून आले, सेलोटेपचं निघालेलं टोक दाबून बसवलं, आणि पाऊचमधून मशिन काढत म्हणाले, "आणि द्यायचंच असेल, तर मागं ०१ लावा."