अब्रू फक्त तुम्हालाच आहे का?

सोसायटीतले माननीय काका,



“माझी बदनामी थांबवा, नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा ठोकीन,” असं तुम्ही ग्रुपवर लिहिलंत. म्हणजे ‘अब्रू’ हा शब्द तुम्हाला माहीत आहे. मग सूनबाईंची अंगठी सापडेना, तेव्हा तो कुठे गेला होता? तेव्हा तुम्ही लिहिलंत, “आपल्या मावशी फार प्रामाणिक, त्यांनी घेतलीच नसणार.” खाली डोळा मारणारा इमोजी. संध्याकाळपर्यंत निम्म्या घरांनी घरकाम करणाऱ्या मावशींना ‘उद्यापासून येऊ नका’ सांगितलं.

आता म्हणता, मी तर कौतुकच केलं होतं.

काका, ही पळवाट १८६० च्या भारतीय दंडविधानानेच बुजवली आहे. कलम ४९९ मधलं पहिलंच उदाहरण पाहा: अमका प्रामाणिक आहे, त्याने घड्याळ चोरलं नाही, असं म्हणायचं, पण ऐकणाऱ्याला तोच चोर वाटावा या हेतूने. पुढचं उदाहरण, चोर कोण असं विचारल्यावर नुसतं बोट दाखवण्याचं. तिसरं, घड्याळ घेऊन पळणाऱ्याचं चित्र काढण्याचं. तिन्ही अब्रुनुकसानीच. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आलं, तरी ही उदाहरणं कायम आहेत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा.

इतरांच्या नजरेत माणसाचं चारित्र्य किंवा त्याच्या कामधंद्यातली पत उतरवणं, असा या गुन्ह्याचा अर्थ आहे. मावशींकडे दुसरी पत कुठली? लोक विश्वासाने घराची किल्ली त्यांच्या हाती देतात, त्यावरच त्यांची चूल पेटते.

संशय होता तर पोलीस चौकीत जायचं होतं. सद्भावनेने केलेल्या तक्रारीला कायदा अपवाद मानतो. लोकहितासाठी सांगितलेल्या सत्यालाही मानतो. अंगठी तुमच्याच कपाटामागे सापडली, हे ज्या शेजारणीने ग्रुपवर लिहिलं, तिने सत्यच सांगितलं. आणि मावशींना काढणाऱ्या घरांना ते कळायलाच हवं होतं. तिलाच तुम्ही दाव्याची धमकी देता!

दावा खुशाल लावा. त्याआधी त्याच ग्रुपवर, मावशींचं नाव घेऊन, ‘अंगठी घरातच होती, मी खोटा आळ घेतला’ एवढं लिहा. आणि ज्यांनी त्यांना कामावरून काढलं, त्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन हेच सांगा.

तुमची एक शेजारीण