बसा की!

बाळंतिणीने काय खावं याबद्दल पेण तालुक्यात कुणाचं दुमत नाही. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अहळिवाची खीर, तांदळाच्या भाकरीवर तुपाचा गोळा, आणि जेवण झालं की भाजलेला ओवा, बाळंतशेपा, सुकं खोबरं. काय खाऊ नये याचीही यादी घरोघर पाठ असते. तिच्यात पहिला नंबर वालाचा, आणि दुसरा पोह्याच्या पापडाचा, जो माझ्यासारख्या पेणकरणीच्या फार जिव्हारी लागतो. आमच्या हमरापूरच्या घरात डिंक तुपात किती फुलवायचा यावरून आजी आणि आत्या यांच्यात अबोला झाला. पण हे सगळं खायला बाळंतीण बसणार कशावर, हा विचार दोघींच्याही मनात आला नव्हता. मी खिडकीच्या कट्ट्यावर ताट ठेवून उभ्याने जेवत होते.

त्यातून माझं बाळंतपण नॉर्मल झालेलं. रोह्याला सासरी तसाच फोन गेला आणि तिथे पेढेही वाटून झाले. सिझर झालेल्या बाईला निदान ‘ऑपरेशन झालंय हो तिचं’ म्हणून पडू देतात. नॉर्मलवालीकडे बघून लोक ‘सुटलीस बाई’ म्हणतात आणि पाळण्याकडे वळतात. माझ्या नॉर्मलमध्ये रात्रभराच्या कळा, पहाटे हातपाय गाळून बसलेली मी, बाळाच्या डोक्याला लावलेली व्हॅक्यूमची वाटी, वाट करून देण्यासाठी घातलेला छेद आणि त्या छेदाने स्वतःच्या मर्जीने पुढे काढलेला रस्ता, एवढं सगळं होतं. टाके घालून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “थर्ड डिग्री आहे. तिसऱ्या श्रेणीची फाट.” मी गणिताची शिक्षिका, जन्मभर पहिल्या श्रेणीत पास झालेली. त्या ग्लानीतही मला अपमान वाटला. मग त्यांनी समजावलं की इथलं प्रगतिपुस्तक उलटं वाचायचं असतं. पहिल्या श्रेणीत नुसती कातडी, दुसरीत स्नायू, तिसरीत फाट जाते ती गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूपर्यंत आणि चौथीत थेट आतल्या अस्तरापर्यंत. पहिलटकरीण, वजनदार बाळ आणि ओढून काढलेलं डोकं असेल तर धोका वाढतो. माझ्याकडे तिन्ही होती. म्हणजे तशी मी गुणवत्ता यादीतच होते.

बघायला येणाऱ्या बायका बाळाच्या हातावर नोट ठेवत, माझ्याकडे वळत आणि आवाज खाली आणून विचारत, “टाके किती?” डॉक्टर म्हणाल्या होत्या, धागा सलग फिरवलाय, मोजण्यासारखं काही नाही, विरघळतो तो आपला आपण. आजीला हे अजिबात पटलं नाही. शिवण म्हटली की टाके मोजता आलेच पाहिजेत. शेजारच्या काकूंनी स्वतःचे अकरा सांगितले, त्यांच्या जावेने चौदा, आणि आमच्याकडे आकडाच नाही म्हटल्यावर आईचा चेहरा पडला. शेवटी आजीने परस्पर एकवीस जाहीर केले. दक्षिणेचा आकडा आहे, शुभ असतो म्हणाली.

खरी लढाई पाण्यावरून सुरू झाली. डॉक्टरांचं म्हणणं, भरपूर पाणी, पालेभाज्या, रात्री पोट सैल ठेवणारं औषध. कुंथायचं नाही, टाक्यांवर ताण नको. आजीचं म्हणणं, पाणी कमी, नाहीतर पोट सुटतं. आणि लाडू दोन वेळा. डिंक, मेथी आणि कमी पाणी यांचं एकत्र काय होतं हे सांगायला गणिताची शिक्षिका लागत नाही. आमच्या घरी संडास परसात, आणि तोही उकिडवं बसायचा. मला उकिडवं बसणं हे एव्हरेस्ट चढण्याइतकंच शक्य होतं. मग आळीतल्या एका वारलेल्या आजोबांची कमोडची खुर्ची मागून आणली. तिचा एक पाय आखूड. त्याखाली वडिलांनी जुन्या पंचांगाची घडी सारली.

ती खुर्ची आली त्या सकाळी मी आत आणि दाराबाहेर आई, आजी, आत्या अशी रांग. आत्या आणि आजी यांचा अबोला त्या रांगेत संपला, एवढाच त्या प्रकरणाचा फायदा. “झालं का गं?” “घाई करू नको.” “हळूच हो, हळूच.” “श्वास सोड.” कळांच्या वेळी मला जेवढ्या सूचना मिळाल्या नव्हत्या तेवढ्या इथे मिळाल्या. ओसरीवर वडिलांनी टीव्हीचा आवाज मोठा केला. टाके उसवतील या भीतीने मी खुर्चीचे दोन्ही हात धरून अंगात आहेत तेवढे देव आठवले. टाके उसवले नाहीत. पंचांग मात्र कायमचं दबलं. बाहेर आले तेव्हा आईने डोळे पुसले आणि आत्याने आत जाऊन लाडवांच्या डब्याला फडकं बांधून तो वरच्या फळीवर ठेवला. त्या दिवसापासून तांब्याभर पाणी माझ्या उशाशी आलं, आणि आजीने त्याकडे पाहायचं टाळलं.

कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोनतीनदा बसायचं, तेवढाच आराम, असंही सांगितलं होतं. “टब स्वच्छ हवा,” हे त्यातलं अर्धं वाक्य निरोप पोहोचता पोहोचता गळालं. हमरापूरला घरटी गणपतीचा कारखाना. आमच्या भिंतीला भिंत लागून काकूंचा. शाडू, प्लास्टर, साचे, उन्हात ओळीने वाळत घातलेले बिनरंगाचे गणपती, यात मी लहानाची मोठी झाले. आईने काकूंकडून ऐसपैस प्लास्टिकचं घमेलं आणलं, विसळलं, कोमट पाणी ओतलं आणि मला भिंतीला धरून आत उतरवलं. आहाहा! बाळंतपण झाल्यापासून मी पहिल्यांदाच सुखाने बसले होते. डोळे मिटले. बऱ्याच वेळाने उघडून खाली बघते तर पाणी लालसर गुलाबी.

मी जी किंकाळी फोडली ती ऐकून कारखान्यातली माणसं ब्रश हातात घेऊन धावत आली आणि दारापाशी येऊन, आत बाळंतीण आहे हे आठवून, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आईने रोह्याला जावयाला फोन लावला. आजीने धावीर महाराजांना नारळ बोलून टाकला, म्हणजे माहेरच्या आजीने थेट सासरच्या ग्रामदैवताला. अंगावरून किती जातंय म्हणून मी टॉवेल लावून पाहिला, तर तो एका विशिष्ट ठिकाणी नव्हे, सगळीकडून सारखा गुलाबी. तेवढ्यात काकू घमेल्यावर वाकल्या, कडेला नख घासलं, नख नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, “अगो, हा तर आमचा अंगरंग.”

गणपतीच्या हातापायांना, सोंडेला मारतात तो. घमेल्याच्या बुडाशी त्याचा जुना थर होता, कोमट पाण्यात सुटला. नवरा धाटावच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून पोहोचला तेव्हा मी पलंगावर पालथी आणि कमरेपासून खाली मूर्तीच्या रंगाची. दुसऱ्या दिवशी नवाकोरा टब आला. त्याच्यावर आईने ऑइल पेंटने बाळाचं नाव घालायला घेतलं होतं. रंग शब्द काढलास तर बघ, असं मी तिला सांगितलं.

आमच्या गावच्या आशाताई शासनाच्या वेळापत्रकाप्रमाणे येत होत्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं त्यांना. बाळाचं वजन करून झालं की ताई वही मिटवत नसत. ताप आला का, अंगावरून जाणाऱ्याला वास येतो का, लघवी धरून ठेवता येते का, असं एकेक विचारत. आणि एकदा मला उभी बघून सरळ म्हणाल्या, “बसता येतंय का?” इतक्या माणसांत हे विचारणारी ती पहिली बाई. मला रडूच आलं, आणि रडताना शिंक आली, आणि शिंकेबरोबर, काय सांगू, साडी बदलावी लागली.

मग पेणला तपासायला गेले तेव्हा व्यायाम मिळाला. लघवी अडवताना आपण जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, मोजायचं, सैल सोडायचं. अर्नोल्ड केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली बाळंतपणात ढिल्या पडलेल्या या स्नायूंसाठी हा व्यायाम मांडला. एका पुरुषाला हे सुचावं याचं मला कौतुक वाटतं. पण त्याच्याही आधी, १८८६ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी हिंदू बायकांच्या बाळंतपणावर प्रबंध लिहून डॉक्टर झाल्या. त्यासाठी त्यांना पेनसिल्व्हेनियाला जावं लागलं. मी नुसत्या पेणला जाऊन केवढा आव आणत होते. आनंदीबाईंनी इंग्रजीत स्वच्छ लिहिलं, आम्ही अजून ‘तिकडे दुखतंय’ म्हणतो आणि हाताने छताकडे दाखवतो.

या व्यायामाची गंमत अशी की करणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसायचं. भुवया वर, गाल आत. आजीने दोनतीन दिवस पाहिलं आणि विचारलं, पोटात मुरडा येतोय का? मी सांगितलं कशासाठी करते ते. शिंकलं, हसलं, बादली उचलली की थेंब जातो, तो थांबावा म्हणून. आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “त्याला व्यायाम असतो? मला तर तुझ्या बापाच्या वेळेपासून होतंय.” वडील साठीचे आहेत. संध्याकाळपासून आम्ही दोघी ओसरीवर शेजारी उभ्या राहून भुवया वर करू लागलो. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटायचं, आम्ही त्यांना ओळख देतोय.

सव्वा महिना झाला आणि सोयर, शेक, धुरी सगळं संपलं. डॉक्टरांचे सहा आठवडे आणि आजीचा सव्वा महिना यात फार अंतर नाही. त्यानंतर बाई पूर्ववत झाली असं दोन्हीकडे धरून चालतात. तिसऱ्या श्रेणीचा स्नायू मात्र दिनदर्शिका बघत नाही, त्याला महिने लागतात. मला रोह्याला निघायचं होतं. नवऱ्याने मित्राची गाडी आणतो म्हणून सांगितलं. वडखळ, नागोठणं, भिसे खिंड. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चाललंय, आणि त्यावर लिहायला बसले तर हा लेख संपायचा नाही. आमच्या काकू गणपती पाठवतात तेव्हा त्याच्या चारी बाजूंनी पेंढा दाबून भरतात, सोंडेखाली वेगळा, हाताखाली वेगळा; त्या रस्त्यावरून मलाही कुणी तसंच पेंढ्यात भरून नेणार असेल तर येते, नाहीतर गाडीने नाही, असं मी कळवलं. आम्ही रेल्वेने निघालो.

दिव्याहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत माणसं अजून चांगली आहेत, हीच माझी अडचण झाली. कडेवर तान्हं बाळ बघून अख्खा डबा हलला. “बसा ताई.” “अहो बसा की!” “उठ रे, बसू दे त्यांना.” एका म्हाताऱ्या गृहस्थांनी जागा दिली, मी नको म्हटलं, त्यांना अपमान वाटला. एका कॉलेजच्या मुलाने दिली, मी नको म्हटलं, तोही बसेना. कासू आलं तेव्हा त्या फळीवर कुणीच नव्हतं आणि सगळे तिच्याभोवती उभे होते. दाराशी एक कोळीण रिकामी पाटी घेऊन बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, डोक्यावरची चुंबळ काढली, फळीवर टाकली आणि म्हणाली, “यावर बस गो बाय. माझी चार पोरं झालीत, मना नको सांगू.”

चुंबळ! कापड पिळून केलेलं वेटोळं, मध्ये भोक. मी टेकले. रोह्यापर्यंत मी राणीसारखी बसून गेले. (डॉक्टरांचं मत आहे की भोकाच्या उशीवर फार वेळ बसू नये, सूज वाढते. मी फार वेळ बसले.) उतरताना तिने ती परत घेतली नाही.

रोह्याच्या घरी भाकरतुकडा ओवाळून झाला. सासूबाईंनी नाक वर करून दोनदा हुंगलं, नातीला हुंगलं, मुलाला हुंगलं, आणि सुकटीच्या वासाची ती चुंबळ धुऊन मागच्या पडवीत वाळत टाकली. आणि नेमके सासऱ्यांचे मोठे भाऊ, चुलते, आळीतली वडीलधारी मंडळी बाळ बघायला आली. सगळे बसले. मी उभी. चहा झाला, मी उभी. धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात तेव्हाही ते इतका वेळ ताठ राहत नसतील. मोठे सासरे निघताना सासूबाईंना म्हणाले, “सून मर्यादशील आहे हो. मोठ्यांसमोर टेकली नाही.” सासूबाईंची मान उंचावली. मीही काही बोलले नाही, फुकट मिळालेली अब्रू कोण परत करतं?

कोपऱ्यात आजेसासूबाई सुपारी कातरत होत्या. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“मर्यादा कसली डोंबलाची! टाके ठणकतायत पोरीचे. दे तिला तिची चुंबळ.”

सासूबाई पडवीत गेल्या आणि तशाच परत आल्या. सुकटीच्या वासाने आळीतली मांजरी येऊन तिच्यावर पसरली होती आणि हात लावू देत नव्हती. मग त्यांनी ट्रंक उघडली, जुनं नऊवारी लुगडं काढलं, एक टोक माझ्या हातात दिलं आणि पीळ घालता घालता विचारलं, “केवढी करू?”

“दोन कर,” आजेसासूबाई म्हणाल्या.