बॉयलरची नाडी

इंग्लंडातल्या मराठी घरात हीटिंग सुरू झालं, की स्वयंपाकघराच्या कपाटातून पहिली गुडगुड येते आणि घरातला प्रत्येक जण वैद्य होतो. त्यांतला राजवैद्य अर्थातच मी. माझा दावा साधा आहे : झाकण न उघडता, बाहेरच्या खोलीत पेपर वाचता वाचता, नुसत्या शिट्ट्या मोजून डाळ शिजली की नाही हे ठरवणाऱ्या लोकांना बंद पेटीतल्या पाण्याचं काय कौतुक! शिवाय खळखळ, खदखद, घरघर, टकटक अशी अख्खी पंगत आपल्या भाषेत बसलेली. शब्द इंग्रजीतही आहेत म्हणा. पण फोनवर इंजिनीअर आला की आपल्या तोंडून ‘फनी नॉइज’ एवढंच निघतं.

खरं तर बॉयलर जन्मानं इंग्रज असला, तरी प्रकृतीनं आयुर्वेदिक आहे. वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी आणि कफाची हंसासारखी चालते, असं जुना वैद्य शार्ङ्गधर सांगून गेला. आता रेडिएटरला हात लावा. वरची कड गार, खालची गरम आणि आत खळखळ : हवा अडकली, म्हणजे वात. उपचारही घरगुती, वायू मोकळा करणे. हीटिंग बंद करून, सगळं निवल्यावर कोपऱ्यातल्या व्हॉल्व्हला छोटी किल्ली लावून हलकेच फिरवायची, खाली फडकं धरायचं. आधी लांबलचक सूंऽऽ, मग थुंकल्यासारखं काळपट पाणी. सुटल्याचं समाधान रुग्णापेक्षा वैद्यालाच जास्त. तळ गार आणि वरची बाजू गरम असेल, तर आत लोखंडाच्या गंजाचा काळा चिखल बसलाय, म्हणजे कफ. आणि बॉयलरच्याच पोटात चहाच्या आधणासारखी खदखद असेल, तर पित्त. लंडनच्या पाण्यात क्षार फार; ते तापलं की कॅल्शियम कार्बोनेटचा थर आतल्या तापत्या धातूवर चढतो. तिथं अडकलेलं पाणी जागीच उकळतं आणि वाफेचे बुडबुडे गार पाण्यात शिरताच फटाफट मिटतात. इंग्रज कारागीर याला ‘केटलिंग’ म्हणतात. पित्त म्हणाले असते, तर दोन अक्षरांत भागलं असतं. रात्रीची टकटक मात्र नुसती सांध्यांची कुरकुर : तांब्याचा 10 मीटर पाइप 50 अंशांनी तापला की सुमारे 8 मिलिमीटर लांबतो आणि फळ्यांना घासत लांबतो.

यावर कोणी विचारील, एवढं कळतं तर इंजिनीअरला पैसे कशाला द्यायचे? इथं माझी विद्या लंगडी पडते. तीच खदखद क्षारांनी होते, तशी पंप मंदावल्यानंही. तीच खळखळ अडकलेल्या हवेची असते, तशी थंडीत गोठलेल्या सांडपाण्याच्या नळीचीही. निदान बरोबर आलं तर माझा कान तिखट, चुकलं तर बॉयलर जुना, असं हे शास्त्र आहे. 2009 पासून गॅसच्या कामाला गॅस सेफ रजिस्टरवरचाच माणूस लागतो, तेही उगाच नाही. मुळात कुकरशी तुलनाच खोटी. शिट्टी आपल्याला उद्देशून असते. बॉयलर स्वतःशीच पुटपुटतो. मग ऐकूच नये का? ऐकावं. परक्या देशातल्या लांब रात्री घरात आणखी कोणीतरी जागं आहे, असं त्याच्यामुळेच वाटतं. पण ऐकून फक्त साक्ष द्यावी : आवाज हीटिंग लागताना येतो की गरम पाण्याचा नळ सोडल्यावर, आणि गार असताना दाबाचा काटा 1 ते 1.5 बारच्या मध्ये आहे का. निकाल दुसऱ्याला देऊ द्यावा.

कारण बॉयलरचं खरं जिवावरचं दुखणं आवाजच करत नाही. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोकं जड होतं, मळमळतं, थंडी बाधली असं वाटतं. आपण तर वारा लागू नये म्हणून खिडक्या आधीच घट्ट लावलेल्या. माणूस सुंठेचा काढा घेऊन झोपतो आणि कधी कधी उठत नाही. इथं माझा कान, शार्ङ्गधर आणि भाषेतली पंगत, कशाचाच उपयोग नाही. उपयोग आहे तो बॉयलरजवळ लावलेल्या, तळहाताएवढ्या अलार्मचा. अख्ख्या यंत्रणेत ती एकच शिट्टी आपल्याला उद्देशून आहे. ती वाजली की मोजत बसायचं नाही. खिडकी-दारं उघडायची, पोरं उचलायची आणि चपला न शोधता बाहेर पडायचं.