गीझर कोणाचा? जुनी सदनिका घेणाऱ्या-विकणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका

जुन्या सदनिकेच्या व्यवहारात वाद दोन प्रकारचे असतात. पहिला किमतीचा. तो लाखांत असतो आणि चहाच्या दोन बैठकांत मिटतो. दुसरा न्हाणीघरातल्या गीझरचा. तो सात-आठ हजारांचा असतो आणि मिटत नाही. पंच्याऐंशी लाखांच्या फ्लॅटमध्ये तीन लाख हसतमुखाने इकडेतिकडे करणारे दोन सुशिक्षित पक्ष ताबा द्यायच्या दिवशी चार पंखे आणि एका आरशावरून एकमेकांच्या संस्कारांपर्यंत पोहोचतात. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या वादापुरते आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 8 नुसार, वेगळे काही ठरलेले नसेल तर घराबरोबर त्याची कुलपे, किल्ल्या, गज, दारे, खिडक्या आणि घराच्या कायम वापरासाठी केलेल्या इतर सर्व वस्तू खरेदीदाराकडे जातात. कुलपाचा वेगळा उल्लेख करावासा वाटला, यावरून त्या काळीही कोणीतरी कुलूप काढून नेत असणार हे उघड आहे. ‘इतर सर्व वस्तूं’मध्ये किचन ट्रॉल्या, चिमणी आणि जेट स्प्रे येतात का, हे 1882 साली कोणी विचारले नाही.

त्याच कायद्याचे कलम 3 ‘जमिनीला जोडलेले’ म्हणजे काय ते सांगते : झाडाझुडपांसारखे रुजलेले, भिंतींसारखे रोवलेले, किंवा अशा रोवलेल्या गोष्टीचा कायम उपभोग घेता यावा म्हणून तिला जोडलेले. म्हणजे परसातले तुळशीवृंदावन घराबरोबर गेले आणि गॅलरीतल्या कुंडीतली तुळस विक्रेत्याबरोबर टेम्पोत गेली. इथपर्यंत सोपे आहे. पुढच्या गोष्टींसाठी वकील दोन प्रश्न विचारतात : वस्तू कशी जोडली आणि कशासाठी जोडली? या कसोटीसाठी 1872 सालचा हॉलंड विरुद्ध हॉजसन हा इंग्लंडमधला निकाल सांगतात. त्यात गिरणीच्या फरशीला खिळ्यांनी ठोकलेले माग वास्तूचाच भाग ठरले. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी त्यात दगडांचे उदाहरण दिले आहे. चुना-माती न लावता नुसते एकावर एक रचून भिंत केली तर ते दगड जमिनीचा भाग, आणि तेच दगड बांधकाम करणाऱ्याच्या आवारात रचून ठेवले तर तो माल. कोकणातला गडगा पाहिलेल्या माणसाला हे सांगायला न्यायमूर्ती लागत नाहीत. पण गडग्याचे दगड सोडवून नेणारा विक्रेता अजून जन्मायचा आहे, आणि पंखा सोडवणारा प्रत्येक मजल्यावर आहे.

पंखा हे या शास्त्रातले सर्वांत अवघड प्रकरण होय. हूक स्लॅबमध्ये गाडलेला असतो, म्हणून तो घराचा. पंखा त्या हुकाला लटकलेला असतो आणि दोन वायरी सोडवल्या की खाली येतो, म्हणून विक्रेत्याच्या मते तो विक्रेत्याचा. ‘मागच्याच उन्हाळ्यात घेतलाय, रिमोटचा आहे,’ असे त्याचे म्हणणे. ‘मग फ्लॅट दाखवताना तो फिरत कशाला होता?’ असे खरेदीदाराचे. यावर विक्रेते जो मध्यम मार्ग काढतात तो नमुनेदार असतो. नवा पंखा उतरतो आणि माळ्यावर वर्षानुवर्षे गोधडीत गुंडाळून ठेवलेला तपकिरी पंखा त्याच्या जागी चढतो. तो चौथ्या स्पीडला कटकट आवाज करतो, पाचव्याला डुलतो. मोजणी केली तर पंखे चारच भरतात. म्हणून यादीत ‘चार पंखे’ असे लिहू नये. कंपनी, रंग आणि खोली लिहावी.

गीझर काढण्यास हरकत नाही, पण काढून झाल्यावर उरलेल्या दोन तोंडांना एंड प्लग लावावेत. प्लंबर ते दहा मिनिटांत लावून देतो. अन्यथा नव्या मालकाची खालच्या मजल्याशी पहिली ओळख गळतीतून होते आणि ती ओळख पुढे सुधारत नाही.

बल्ब न्यावेत. होल्डर नेऊ नयेत.

विक्रेत्यांमध्ये एक वर्ग स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. हा बहुधा निवृत्त असतो, प्रत्येक वस्तूची पावती त्याने फाइलमध्ये लावलेली असते, आणि ताबा देण्याच्या आदल्या दिवशी तो एकटा, बनियनवर, स्क्रू ड्रायव्हर घेऊन रिकाम्या घरात फिरतो. टॉवेल रॉड, साबणाची जाळी, दाराचा स्टॉपर, नावाची पाटी. पाटीचे समजू शकते. पण पडद्याच्या रॉडचे ब्रॅकेट नेऊन हे लोक करतात काय? नव्या घराच्या खिडक्या वेगळ्या मापाच्या असतात, सून पडदे नवे घेते, आणि ते ब्रॅकेट बिस्किटाच्या डब्यात बसून नव्या माळ्यावर चढतात. इकडे जुन्या भिंतीत मात्र रिकाम्या गिट्ट्या डोळे वटारून बघत राहतात. त्या भोकांना पुट्टी लावून देणारा विक्रेता आढळल्यास त्याच्याशी संबंध टिकवावेत.

या काकांना एका ठिकाणी मात्र माफी आहे. दिवाणखान्यात झोपाळा असेल तर त्याच्या पितळी कड्या मागू नयेत. कड्या कोणाच्या तरी आजोळच्या असतात, चिंचेने घासून घासून त्यांवरचे हत्ती-मोर बोथट झालेले असतात, आणि त्या उतरवताना काकू मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहतात. स्लॅबमधले हूक तेवढे मागे राहतात. कायद्याने ते खरेदीदाराचे आहेत. त्याने त्यांचे काय करावे हे कायदा सांगत नाही.

खरेदीदार निरपराध असतो असे मानू नये. पहिल्या भेटीत तो भिंती बघत नाही, वस्तू बघतो, आणि एसीकडे बोट दाखवून ‘हा राहणारच ना?’ असे इतक्या मोघम स्वरात विचारतो की समोरच्याचे ‘बघू’ त्याला ‘हो’ ऐकू येते. ट्रॉल्या जाग्यावर राहाव्यात म्हणून हाच गृहस्थ व्यवहार मोडण्याची धमकी देतो, त्या मिळवतो, आणि ताबा मिळाल्यावर पंधरवड्यात संपूर्ण ओटा फोडून ट्रॉल्या भंगारवाल्याला देतो. विक्रेत्याला ही बातमी जुना वॉचमन फोन करून कळवतो.

मधला एजंट दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना आवडेल ते उत्तर देणे त्याला भाग असते. खरेदीदाराला ‘सगळं राहणार, साहेब’, विक्रेत्याला ‘तुम्ही सगळं न्या, काका’. ताब्याच्या दिवशी त्याचा फोन लागत नाही.

आता कृती. वस्तूंचा विषय विसार देण्यापूर्वी काढावा, कारण विसार दिल्यानंतर खरेदीदाराची आणि विसार घेतल्यानंतर विक्रेत्याची नम्रता कमी होते. घरभर मोबाइलवर सावकाश चित्रीकरण करावे. नळ, ओट्याखालची बाजू आणि गीझरची पाटी सोडू नये. राहणाऱ्या वस्तूंची यादी साठेखताला परिशिष्ट म्हणून जोडावी आणि नेल्या जाणाऱ्या वस्तूंचीही वेगळी यादी द्यावी. वाद नेहमी दोन्ही याद्यांत नसलेल्या वस्तूवर होतो, पण निदान तेवढ्याच वस्तूवर होतो. यादी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, अंगठ्यांच्या रांगेत उभे राहून करू नये. तिथे माणूस कशावरही सही करतो.

फर्निचरसाठी वेगळा करार करून मुद्रांक शुल्क वाचवण्याची युक्ती पुष्कळजण सांगतात. ती वापरण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरनुसार निघणारे बाजारमूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते, त्यामुळे किंमत हवी तितकी खाली आणून उपयोग नाही. आणि गृहकर्ज देणारी बँक घराच्या करारातली किंमत बघते. फर्निचरचे पैसे खिशातून काढावे लागतात. दोन जुन्या कपाटांना आठ लाख लावले की हे प्रकर्षाने जाणवते.

काही वस्तू दोघांच्याही नसतात आणि त्यावरूनही भांडण होते. विजेचे मीटर सहसा वीज कंपनीचे आणि पाइप गॅसचे गॅस कंपनीचे असते. तिथे फक्त नाव बदलून घ्यायचे असते. गॅसची अनामत विक्रेत्याला आठवते, त्यामुळे तिचा हिशेब आधीच करून टाकावा. लिफ्टसमोरच्या शू रॅकवर सोसायटीचा दावा असतो. तो सोसायटीलाच लढू द्यावा.

ताब्याच्या दिवशी दिवसाउजेडी जावे, यादी हातात धरून प्रत्येक बटण दाबावे, प्रत्येक नळ सोडावा आणि मगच ताबापावतीवर सही करावी. शेवटच्या हप्त्यातली थोडी रक्कम तोपर्यंत राखून ठेवण्याचे साठेखतात लिहिलेले असेल तर पंखे आपोआप जागेवर राहतात. रक्कम आधीच देऊन बसलेल्या खरेदीदाराने तपकिरी पंख्याची सवय करून घ्यावी.

किल्ल्या मोजून घ्याव्यात : मुख्य दाराच्या, सेफ्टी डोअरच्या, गॅलरीच्या, गच्चीच्या. तळमजल्यावरच्या टपालपेटीची किल्ली मागू नये, ती कोणाकडेच नसते. तिचे कुलूप तोडून नवे बसवावे. हार्डवेअरच्या दुकानात ते स्वस्तात मिळते.