गानं कोनं शे?

धुळ्याकडच्या लग्नात हळदीच्या रात्री डीजे लागला, की ‘हाई गानं कोनं शे?’, म्हणजे हे गाणं कोणाचं, असं विचारू नये. विचारलंच, तर डीजेवाल्याचं नाव कळतं. फारच खोदून विचारलं, तर व्हिडिओत नाचणाऱ्या पोरीचं आणि त्यानंतर जमलंच तर गायकाचं. अहिराणीत ते शब्द जुळवणारा गडी बहुधा तिथेच पंगतीत वरण-बट्टी वाढत असतो. त्याच्याच गाण्यावर सगळी वरात घामाघूम झालेली असते आणि कोणीतरी त्याच्यावर ओरडत असतं, ‘अरे, तूप कुठंय?’

मला त्याची फारशी कीव येत नाही. ज्या खानदेशात कवयित्री बहिणाबाई चौधरी होऊन गेल्या, तिथे गाणं करणाऱ्यानं नावासाठी रुसायचं म्हणजे जरा अतिच.

असोदा हे त्यांचं माहेर, जळगावचा चौधरी वाडा सासर. जन्म 1880चा. लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यांनी एकही गाणं ‘लिहिलं’ नाही. दळता दळता, निंदता निंदता ते ओठांवर येई. पहिलं संगीत जात्यानं दिलं म्हणायला हरकत नाही. ओवीचा ताल दगडाच्या फेऱ्यात आपसूक बसतो आणि हात भरून आला की लयही संथ होते. मानधन रोजच्या रोज मिळे, पिठाच्या रूपानं. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी कानावर पडलं ते वहीत उतरवून घेतलं. ज्या दिवशी दोघांपैकी कोणीच जवळ नसेल, त्या दिवशीचं गाणं भाकरीबरोबर खाल्लं गेलं असणार. मराठी साहित्याचं हे नुकसान कोणाच्या पोटात गेलं, याचा हिशेब आता लागायचा नाही.

3 डिसेंबर 1951 रोजी त्या गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. तोवर घरातला कवी म्हणजे तेच. पुस्तक आलं आणि ते ‘बहिणाबाईंचे चिरंजीव’ झाले. आपली कविता बाजूला ठेवून आईची वही पुढे करणारा कवी मला गाणाऱ्यांइतकाच मोठा वाटतो, पण त्याची कॅसेट निघत नाही.

कॅसेटी निघाल्या त्या दुसऱ्यांच्या गळ्यातून. 1961च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी या गाण्यांना चाली दिल्या, सुमन कल्याणपूर गायल्या, आणि संसाराला तव्याशेजारी नेऊन बसवणारं ते गाणं रेडिओवरून घरोघरी पोचलं, चुलीचा चटका कधी न बसलेल्या दिवाणखान्यांतसुद्धा. पुढे यशवंत देवांच्या चालींवर उत्तरा केळकरांनी ती गायली. जिची गाणी, तिला यातलं काहीच ऐकायला मिळालं नाही. मिळालं असतं, तर पेटीच्या सुरात जात्याची घरघर कुठे गेली, हे बाईंनी विचारलंच असतं, असं आपलं माझं मत.

गंमत शाळेत होते. आमच्याकडे ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘य’. जुन्या माणसांच्या तोंडी जळगावचंही जयगाव होतं. पोरगं वर्गात ‘पानी’ म्हणालं की बाई डोळे वटारतात. मग पुस्तकात बहिणाबाईंची कविता येते आणि त्याच बाई तेच ‘पानी’ मोठ्या प्रेमानं म्हणून दाखवतात. पोरगं गप्प बसतं. त्याला एवढंच कळतं, की आपली बोली चालण्यासाठी आधी पुस्तकात शिरावं लागतं. आता तर जळगावच्या विद्यापीठालाच बहिणाबाईंचं नाव आहे. तरी त्या वर्गातलं काही बदललेलं दिसत नाही.

गाण्यावर नाव न राहिलेले दुसरे आपले कवी ना. धों. महानोर. गाव पळसखेड, जिल्हा सरकारी कागदावर तेव्हा औरंगाबादचा, आता छत्रपती संभाजीनगरचा. पण शेंदुर्णीची शाळा आणि जळगावचं कॉलेज एवढ्या पुराव्यावर आम्ही त्यांना खानदेशी धरतो. 1977च्या ‘जैत रे जैत’ चित्रपटासाठी या शेतकऱ्यानं ठाकरांच्या डोंगरातली गाणी लिहिली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाली बांधल्या. आज कोणालाही विचारा, एक गाणं लताबाईंचं असतं, दुसरं आशाबाईंचं, उरलेली हृदयनाथांची. सातबारा महानोरांचा आणि पीक दुसऱ्यांच्या खळ्यात, असला हा व्यवहार. यावर त्यांनी काय करावं? शेतातल्या सीताफळाच्या वाणाचं नाव ठेवलं ‘लताफळ’! गाणी त्या नावावर गेलीच होती. झाडाला लागलेलं तेवढं शिल्लक होतं, तेही यांनी आपण होऊन चढवून दिलं.